चिकूची कॉफी आणि तीस गाळण्या

माझ्या माहेरी, साताऱ्याला, कॉफी म्हणजे जायफळ. उपवासाच्या दिवशी दुपारी आई कॉफी करायची आणि सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून त्यात घालायची. लग्न होऊन मी सुरतेला आले तर सासरी कॉफी हा प्रकारच नव्हता. सासरची माणसं मूळची अमळनेरकडची. सासरे तरुणपणी इथे आले, बमरोलीच्या एका कारखान्यात लूम दुरुस्त करायला लागले आणि नवागामच्या दोन खोल्यांत त्यांनी सगळा संसार केला. त्या घरात चहा दिवसातून सहा वेळा व्हायचा. पहिल्या महिन्यात मी एकदा कॉफी मागितली, तर सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप आहे का म्हणून.

आता आम्ही दिंडोलीला चौथ्या मजल्यावर राहतो. मी मराठी शाळेत शिकवते, नवरा कापड बाजारात एका पेढीवर हिशेब बघतो. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी बोलणं जवळजवळ सोडून दिलं होतं. हा माणूस आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केलेला, त्यामुळे यांचं साधं 'मीठ दे'सुद्धा खालच्या पार्किंगमध्ये ऐकू जायचं. तो आवाजच घरातून गेला. जेवायला बोलावलं की यायचे, ताट उचलून ठेवायचे, खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. मी त्यांना मामा म्हणते. "मामा, बरं वाटतंय ना?" विचारलं की मान हलवायचे. कधी आडवी, कधी उभी, त्यात फारसा फरक नव्हता.

त्या जानेवारीत आमच्यावर चिकूंचं संकट आलं.

खालच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहतात. त्यांच्या भावाची नवसारीजवळ चिकूची वाडी आहे. त्यांनी प्रेमाने एक अख्खं खोकं पाठवलं. त्याच आठवड्यात नवऱ्याला पेढीवर कुणीतरी दुसरं खोकं दिलं. चिकूचा स्वभाव असा की पाच दिवस दगडासारखे पडून राहतात आणि सहाव्या दिवशी सकाळी सगळेच्या सगळे एकदम पिकतात, जणू रात्री मीटिंग झालीय. मी शाळेत वाटले. वॉचमनला दिले. लिफ्टमध्ये हातात पिशवी घेऊन उभी राहिले की माणसं "मी जिन्यानेच जातो" म्हणायला लागली. तरी निम्मे उरलेच.

एका रविवारी दुपारी मी चिकूचा मिल्कशेक करत होते. ओट्यावर सकाळची जायफळाची कॉफी उरली होती, बिनदुधाची, गार झालेली. टाकायची जिवावर आली म्हणून मिक्सरमध्ये ओतली. मिक्सर फिरवला, पेला भरला, उभ्यानेच एक घोट घेतला आणि मी एकटीच मोठ्याने हसले. गुळाचा पाक करपायच्या अगदी आधी, त्या एका क्षणाला जो वास सुटतो ना, तशी चव. चिकूला कॉफी भेटली होती आणि दोघांना एकमेकांबद्दल काहीतरी फार पूर्वीपासून माहीत होतं. मी दुसरा पेला प्यायले. तिसराही. मग नवऱ्याला उठवलं.

"हे पी."

"काय आहे?"

"पी तर."

तो प्यायला, डोळे मिटले, म्हणाला, "आपल्या कोल्ड कोकोचा हा कोण लागतो?" कोल्ड कोको म्हणजे सुरतेचा जीव की प्राण; सुरतेच्या माणसाकडून यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

मग मला वेडच लागलं. शाळेतून आले की पर्स खुंटीला आणि हात चिकूत. मिरपूड घालून पाहिली, तर नवऱ्याला अर्धा तास उचकी लागली. लवंग जास्त झाली त्या दिवशी कॉफीला दाढ दुखल्यावर लावायच्या औषधाची चव आली. संत्र्याचा रस घातला तर दूध फाटलं आणि ते मी हट्टाने गाळून प्यायले, म्हणजे पिण्याचा प्रयत्न केला. एकदा जायफळ जरा सढळ हाताने पडलं. साडेपाच वाजता मला जाग आली ती वह्यांच्या गठ्ठ्यावर, आणि गालावर कुणाच्या तरी शुद्धलेखनाची शाई. नवऱ्याचा प्रश्न असा होता की जायफळाने झोप येते, कॉफीने झोप उडते, तर दोन्ही एकत्र घेतल्यावर माणसाने नेमकं काय करायचं?

या सगळ्यात रोज एक पेला मी मामांच्या उशापाशी ठेवत होते. ते काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी रिकामा पेला बेसिनमध्ये दिसायचा. एवढंच. चौथ्या की पाचव्या दिवशी मी ओट्याशी उभी होते, मागे पावलं वाजली. मामा दारात उभे होते, हातात पेला.

"दालचिनी जास्त व्हई गयी," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

मी वळून बघतच राहिले. कित्येक दिवसांतलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आणखी चिमूटभर दालचिनी घातली. त्या दिवशी चार वाक्यं मिळाली. चारही बोलणी होती. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात उड्या मारत होते.

त्यानंतर मामा रोज चार वाजता स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. लूमच्या मास्तरची नजर ती. पेला उजेडाकडे धरायचे, हलवायचे, घोट तोंडात धरून ठेवायचे. कॉफीला ते ताणा म्हणायचे आणि चिकूला बाणा. कापडातले उभे धागे आणि आडवे धागे. "आज ताणा सैल शे" म्हणजे कॉफी कमी पडली. "बाणा दाट मारा" म्हणजे आणखी दोन चिकू टाक. साखर त्यांनी साफ बंद करायला लावली, पिकल्या चिकूला तिची गरजच नव्हती. आणि मिठाची एक कणी घालायची युक्ती त्यांचीच. असं करत करत आमचं ठरलं: गार दूध, पिकलेले चिकू, दाट कॉफी, वेलची, सुंठ, दालचिनी नखभर, जायफळाचे दोन वेढे. दोनच. तिसरा वेढा घ्यायला लागले की मामा खाकरायचे.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी मी मसाला दूध करते. त्या वर्षी म्हटलं, नाही, आपली कॉफी. आधीचे चिकू संपले होते, म्हणून चक्क विकत नवं खोकं आणलं. खालच्या बेनना मदतीला बोलावलं होतं, त्यांनी बेत ऐकला आणि कमरेवर हात ठेवले.

"कॉफीमां चीकू? तू गांडी थई गई छे के शुं?" वेडी झालीस का म्हणून.

"बेन, थोडी प्या तरी."

त्या प्यायल्या. पदर खोचला आणि चिकू सोलायला बसल्या.

पाच वाजता बायका यायला लागल्या. साडेपाचपर्यंत हॉल भरला. तीस तरी असतील. शाळेतल्या, बिल्डिंगमधल्या, नवागामच्या जुन्या शेजारणी. काही खानदेशी, काही गुजराती, एक कोकणातली. नवऱ्याला मी सकाळीच बाहेर पाठवलं होतं. मामा खोलीत होते, दार लावून. बायकांच्या कार्यक्रमात आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं. वाण म्हणून मी यंदा स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, तीस, टोपलीत रचून ठेवलेल्या.

पहिल्या फेरीचे आठ पेले गेले. हॉलमधून "अगं बाई, हे काय आहे?" असे आवाज आले. दुसऱ्या फेरीचे आठ गेले. तिसऱ्या फेरीला मी मिक्सर सुरू केला आणि त्याने आधी गुरगुर केली, मग किंकाळी फोडली, मग जळकट वास सोडला आणि गप्प झाला. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भांड्याला थोपटलं. बेननी त्याच्याकडे पाहून हात जोडले.

हॉलमध्ये अजून चौदा जणी कॉफीची वाट बघत होत्या, आणि ज्यांना मिळाली होती त्या आणखी मागत होत्या. पुरणयंत्र होतं, पण ते मी नणंदेला नंदुरबारला पाठवून बसले होते. ओट्यावर साठेक चिकू सोलून पडलेले. मला रडू येईना, हसू यायला लागलं, आणि ते थांबेना. तशीच हसत हसत जाऊन मी मामांचं दार वाजवलं.

"काय व्हयनं?"

"मामा, मिक्सर गेला."

दार उघडलं. मामा आत जाऊन पलंगाखालून त्यांची हत्यारांची पेटी घेऊन आले, मलमलचा सदरा, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि तीस नटलेल्या बायकांच्या मधून सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले, आत बोट घातलं, बोटाचा वास घेतला.

"मरी गयं," ते म्हणाले.

"आता?"

त्यांनी चिकूंकडे पाहिलं. हॉलकडे पाहिलं. मग वाणाच्या टोपलीकडे त्यांची नजर गेली.

"ह्या गाळण्या काय देवघरमा ठेवाले शेत का?"

आणि मग तो आवाज आला. दीड वर्ष न ऐकलेला, बमरोलीच्या खडखडाटात तयार झालेला आवाज. "बठा सगळ्या! आठे, गोल! एकेक गाळणी ल्या!"

कुणी 'का' विचारलं नाही. पैठणी नेसलेल्या बायका मांडी घालून फरशीवर बसल्या. प्रत्येकीच्या हातात गाळणी, खाली वाटी, पुढ्यात दोन चिकू. मामा मधून फिरत होते, जशा त्यांनी लूमच्या रांगांमधून कित्येक वर्षं फेऱ्या मारल्या असतील. "जोर लाव वं माय. बोटाने नही, चमच्याने." कोकणातल्या बाईंना म्हणाले, "तुमनं काम चांगलं शे," तर त्यांना पुरस्कार मिळाल्यासारखं झालं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीला पाठ टेकवत नाही, त्यांना त्यांनी "गप्पा कमी" असं सुनावलं. बाई खाली मान घालून फुसफुस हसायला लागल्या आणि त्यांचं हसू शेजारणीला लागलं, तिचं पुढच्या रांगेला. चिकूचा गर कोपरांपर्यंत आला, कुणाच्या नथीला लागला, कुणाच्या कुंकवात मिसळला.

मामांनी माळ्यावरून सासूबाईंचं मोठं पातेलं काढायला लावलं आणि खुंटीवरची ताकाची रवी घेतली. दूध, गर, मसाला, सगळं पातेल्यात. बेन आणि मी आळीपाळीने रवी घुसळत होतो. कॉफी मी घातली. ती मी घातलीय हे न कळून बेननीही घातली. मग मामांनी चमचाभर चाखली, भुवया उंचावल्या, "ताणा सैल शे" म्हणाले आणि कॉफीची बरणी पातेल्यावर पालथी धरली. बरणी ठक्क रिकामी झालेली पाहून मला कळलं काय झालंय ते. पण तोवर पेले भरले गेले होते.

काय ती कॉफी होती! वर बोटभर फेस. चिकूचा रवाळ गर दाताखाली यायचा, मागून सुंठ, तिच्या मागून जायफळ. मिक्सरमधल्या कॉफीला ती सर नव्हती. आणि कडक अशी की दुसऱ्या पेल्यानंतर बायका एकाच वेळी बोलायला लागल्या आणि कुणाचंच बोलणं संपेना. कुणीतरी फुगडी धरली. मग दुसऱ्या जोडीने. बेननी फुगडी कधी खेळली नव्हती, त्यांना मुख्याध्यापिकाबाईंनी शिकवली, आणि त्या दोघी अशा गरगरल्या की सोफ्यावर जाऊन आदळल्या आणि तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडून हसत राहिल्या. नवागामच्या एका मावशींनी गुडघेदुखी आहे हे सांगत सांगत चार फुगड्या घातल्या. माझ्या पोटात हसून कळ आली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं, तर त्यांच्याही हातात पेला दिला.

मग उखाण्यांची फेरी सुरू झाली. मामा पेटी आवरून निघाले होते, रवी अजून हातातच. नवागामच्या मावशी ओरडल्या, "दादा, तुम्हीबी नाव घ्या!"

मी चटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हॉलमधला गलका कमी झाला. जुन्या शेजारणींना सगळं माहीत होतं, त्या मावशींचा हात तोंडावर गेला. मामा थांबले. रवीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता खोलीत जातील, दार लोटतील, आणि पुन्हा पहिल्यासारखं होईल.

त्यांनी घसा साफ केला.

"लूम चाले खटखट, मजार पये धोटा," ते म्हणाले. मजार म्हणजे मधून, आणि धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. मग त्यांनी नाव घेतलं. पूर्ण, खणखणीत, पार्किंगपर्यंत गेलं असेल असं. "...नं नाव लेस मी, तिना उपकार मोठा."

मुख्याध्यापिकाबाई पदराने डोळे टिपत होत्या आणि पदराला चिकू लागलेला असल्यामुळे आणखी माखत होत्या. मामांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"ती चहावाली व्हती," ते म्हणाले. "हाई कॉफी ती थुकी देती."

जो काय हशा उसळला! मामाही हसले. खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या लोकांसमोर मी काही त्यांच्या गळ्यात पडू शकत नव्हते, म्हणून मी बेनच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या ग्रुपवर एकच तक्रार होती. कुणालाच झोप लागली नव्हती. एकीने सगळी कपाटं लावली होती. एकीने पाच किलो गहू निवडून संपवले. मुख्याध्यापिकाबाईंनी वार्षिक तपासणीचा अहवाल, जो त्या महिनाभर पुढे ढकलत होत्या, तो पहाटेपर्यंत लिहून काढला आणि मला शाळेत बाजूला घेऊन विचारलं, "मार्चमध्ये पुन्हा कधी बोलावतेस?" वाणाच्या गाळण्या चिकूने अशा बुजल्या होत्या की मी सगळ्यांना दुसऱ्या देते म्हणाले, पण एकीनेही परत दिली नाही.

नवऱ्याने नवा मिक्सर आणला. मामांनी तो चटणीला ठेवला. कॉफीला रवीच. सकाळी ते आता खाली बाकावर जाऊन बसतात, त्यांच्यासारख्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या मंडळींबरोबर, आणि मी शाळेत जाताना त्यांचं भांडण कानावर येतं: कुठल्या कारखान्यातला कुठला लूम जास्त खोडकर होता. परवा तर अमळनेरला भाच्याच्या घरी गेले आणि तिथून फोन करून मला जायफळ विचारलं. "दोन वेढे," मी म्हणाले. "पन्नास माणसं शेत," ते ओरडले. पन्नास माणसांचे वेढे मलाही माहीत नव्हते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सीताफळं आणली. चिकूचा मोसम दूर होता आणि त्यांना दम निघेना. मी म्हटलं, "मामा, याच्या बिया?"

"काढू."

आम्ही दोघं ताटं घेऊन जमिनीवर बसलो. बिया चमच्याने निघेनात, गाळणीतून जाईनात. शेवटी मामा म्हणाले, यंत्र एकच आहे, आणि त्यांनी एक मोठा गर तोंडात टाकला, इकडून तिकडे फिरवला आणि बिया पटापट वाटीत पाडल्या. बंदुकीसारख्या. मी पदर तोंडावर धरून मागे रेलले. "मग तो गर?" मी कसंबसं विचारलं. मामांच्या लक्षात आलं. गर त्यांनी गिळला होता.

"आरे देवा," ते म्हणाले, आणि चष्मा काढून हसायला लागले. त्या दुपारी आमची कॉफी झालीच नाही. एक किलो सीताफळं आम्ही दोघांनी बसल्या बसल्या तशीच खाऊन संपवली, आणि नवरा आला तेव्हा त्याला वाटीभर बिया दाखवल्या.